यादीत नसलेला डोंगर

जुने शहर, अकोला
गुरुवार

प्रिय सीमा,

शेवंती तोडून झाली होती. साडीचे काठ दवानं ओले होऊन पोटऱ्यांना चिकटले होते आणि मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीखाली पोतं टाकून बसले होते. समोर फुलांचा ढीग, उजव्या हाताला रद्दीचा गठ्ठा. रोजचंच काम. पेपराचे चार चार तुकडे करायचे, फुलांच्या पुड्या बांधायच्या, पुड्या टोपलीत नीट रचून वर ओलं फडकं टाकायचं, आणि सातच्या गाडीनं गजूच्या बाबांनी त्या अकोल्याला घेऊन जायचं. त्या दिवशी ते धुऱ्याच्या पार टोकाला उभे राहून ओरडले, “इकडे ये वो लवकर, आज म्हैस सगळी दिसून राहिली, शेपटीपर्यंत!” मी म्हटलं, “थांबा, वीस पुड्या बाकी आहेत.” वीस नव्हत्या, चारच होत्या. माझ्या हातात रद्दीचा एक तुकडा आला होता आणि मी तो वाचत होते. वाचून उठले तोवर वर धुकं चढलं होतं आणि डोंगराच्या जागी नुसतं पांढरं. ते हसले. “डोंगर काय पळून जाते? उद्या पाय.”

म्हैस म्हणजे काय ते तुला सांगायला हवं, कारण तू आमच्या चोहोट्ट्याच्या वावरात कधी आली नाहीस. पावसाळा संपून हवा धुतल्यासारखी झाली की तिथून उत्तरेला सातपुडा दिसतो. सगळा निळा, एकसारखा. त्यात सगळ्यात पुढे, पोपटखेडच्या धरणामागे, एक डोंगर जरा वेगळा बसला आहे. मान खाली घालून रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा. नकाशात त्याला काही नाव असेल तर मला माहीत नाही. आमच्या घरात त्याला म्हैस म्हणायचे. गजूचे बाबा दरवर्षी म्हणायचे की एकदा म्हशीच्या पाठीवर बसून आपलं वावर कसं दिसतं ते पाहू. दरवर्षी त्याच दिवसांत फुलांचा हंगाम असायचा. दसरा, मग दिवाळी, मग लग्नं. फुलं कोणासाठी थांबत नाहीत आणि हंगाम संपला की हवा धुरकट होऊन डोंगर दिसेनासा व्हायचा. न दिसणाऱ्या डोंगरावर जाऊ म्हणायचं कोणाला सुचत नाही.

आणि तो रद्दीचा तुकडा. माझं वाचन कसं सुरू झालं ते तुला माहीतच आहे. पातूरच्या शाळेत तू पुढे गेलीस, मी तिसरीतून घरी बसले, आणि जे अक्षर राहिलं ते लग्नानंतर रद्दीतून परत आलं. फुलं बांधायला पेपर घेतला की मी आधी वाचायची, मग बांधायची. सासूबाई म्हणायच्या, “फुलं सुकून चालली, हिचं वाचणं नाही सरत. बॅरिस्टर व्हतं का वो?” त्या तुकड्यावर हिमालयातल्या एका उंच शिखरावर निघालेल्या सहा जणांची हकिगत होती. त्यांनी तीन शिखरांतून ते एक कसं निवडलं, कोणाचं बोट गारठून काळं पडलं, शेवटच्या तळावर किती दिवस वारा थांबायची वाट पाहिली. आणि शेवटची ओळ अशी होती, “पहाटे तीन वाजता त्यांनी तंबू सोडला आणि”. तिथं कागद फाटलेला. पुढचा तुकडा मीच कोणाच्या तरी पुडीला बांधून टोपलीत टाकला होता.

मी हळहळले ते त्यांनी पाहिलं. अकोल्याला गेल्यावर त्यांनी रद्दीवाल्याकडे जाऊन तो जुना पेपर तासभर शोधला. मला हे नंतर रद्दीवाल्यानंच सांगितलं. मिळाला नाही. मग तो आमचा खेळच झाला. जेवताना, पाणी धरताना, मध्येच ते विचारायचे, “काय वो, पोचले का ते?” मी म्हणायची, “अजून चढून राहिले.” त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांच्या छातीत दुखलं. अकोल्याच्या दवाखान्यात चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी नळी काढल्यावर त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि मला हळूच विचारलं, “पोचले का?” मी म्हटलं, “हो, पोचले.” मला ठाऊक नव्हतं. मी खोटं बोलले. त्यांनी मान हलवली, बरं झालं म्हटल्यासारखी. याला आता तीन वर्षं झाली.

ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळही नाही. आज लिहितेय, कारण परवा आमच्या सुनेबद्दल तुझा मोबाईलवर निरोप आला. “आरती छान चढली. तू यायला हवी होतीस.” एवढंच. तुझे निरोप इतके लहान नसतात. तू रागावली आहेस हे मला कळतं आणि तुझा राग बरोबर आहे. फोनवर सांगायला गेले तर हे घर एवढंसं आहे की स्वयंपाकघरात बोललेलं पलंगावर ऐकू जातं आणि पलंगावर बोललेलं गल्लीत. म्हणून पत्र. गजूच्या दुकानातली पावत्यांची वही उलटी करून लिहितेय.

इथल्या माझ्या दिवसांची तुला कल्पना यावी म्हणून थोडं सांगते. ते गेल्यावर गजूनं वावर बटईनं, निम्म्या वाट्यावर दिलं आणि मला व सासूबाईंना इथे जुन्या शहरात घेऊन आला. त्यानं वाईट केलं असं मी म्हणत नाही. फुलांचं दुकान इथे, तो इथे, सून इथे. आम्ही दोघी तिकडे कशासाठी राहायचं? पण इथे खिडकी उघडली की हातभर अंतरावर समोरच्यांची भिंत. त्या भिंतीवर एक पाण्याचा पाइप आहे आणि त्याला गंज चढून एक आकार झाला आहे. मी तीन वर्षं तोच पाहते. मग मागच्या आषाढात सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून त्या पलंगावर आणि मी पलंगापाशी. भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलणं, गोळ्या. त्यांनाही हे सहन होत नाही, मला दिसतं. जन्मभर वावरात राबलेली बाई. पण ज्याला सहन होत नाही तो जवळच्यावरच ओरडतो. मी पाच मिनिटं दिसले नाही की, “पार्बते! कुठं गेली? मेली का?” सुरू होतं. सून आरती दुकानात गजूच्या मदतीला असते, तेही लागतंच.

तीन वर्षांत मी एकदाच घराबाहेर मुक्कामाला गेले, गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात दर्शनाला, गल्लीतल्या बायकांबरोबर. तेव्हा सासूबाई धडधाकट होत्या. गजूनं स्वतः गाडीत बसवून दिलं, केळी घेऊन दिली, सासूबाईंनी वाटखर्चाला पदराची गाठ सोडली. कोणी विचारलं नाही की घरी कोण पाहील. तेव्हा मी एक गोष्ट मनात धरून ठेवली. देवाचं नाव घेतलं की बाईसाठी दार उघडतं. त्याच महिन्यात मी तुझ्याकडे अमरावतीला दोन दिवस येते म्हटलं होतं, तर गजू म्हणाला, “काहून? तिथे काय आहे?” तुझं नाव सांगितलं. “मंग फोनवर बोल ना.”

आणि मग तुझी यादी आली. दिवाळीच्या आधी तू फोन करून सांगितलंस की सकाळी फिरायला जाणाऱ्या तुम्ही चौघी सह्याद्रीत डोंगर चढायला निघाला आहात, पाचवी मी. पाच शिखरांची नावं तू मोबाईलवर पाठवलीस आणि प्रत्येकासमोर दोन ओळी. कळसुबाई, तारामती, घनचक्कर, साल्हेर, धोडप. चार दिवसांत दोनच होणार, प्रत्येकीनं आपली दोन निवडून कळवायची. सीमा, त्या यादीनं मला काय झालं ते लिहिता येत नाही. मी ती यादी पावतीच्या मागे उतरवून डब्याच्या झाकणात ठेवली. पोळ्या लाटताना झाकण उघडून पाहायची. साल्हेर आणि धोडप एका बाजूला, बाकीची तीन दुसऱ्या बाजूला, हे कळायला मला दोन दिवस लागले, कारण मी त्यांना एका रांगेत उभे असलेले डोंगर समजत होते. कुठल्या डोंगराला शिड्या, कुठल्या डोंगरावर पाणी नाही, हे सगळं मला पाठ झालं. तू आजवर वाचायला पाठवलेली सात पुस्तकंही मी इतकी लक्ष देऊन वाचली नव्हती.

तयारीही केली. तुला हसू येईल. आमच्या घरात गच्चीवर जायला बावीस पायऱ्या आहेत. मी दिवसाला चाळीस वेळा चढायची. कधी डाळ वाळवायला, कधी वाळलेली डाळ हलवायला, कधी ती झाकायला. सासूबाई पलंगावरून मोजत असायच्या. “वर काय गाडून ठेवलं वो? हंडा सापडला असन तर मलेही दाव.” दीड महिन्यात माझा दम लागणं थांबलं. कॅनव्हासचे जोडे घेतले, एक बोट मोठे घ्यायचे असं तूच सांगितलं होतंस, आणि ते गव्हाच्या कोठीत लपवले. पन्नाशी उलटलेली बाई, आणि गव्हात जोडे लपवते.

तुला आठवत असेल, मी तुला प्रत्येक नावाबद्दल एकच प्रश्न विचारायची. वर कोणाचं देऊळ आहे? तू वैतागून म्हणालीस, “पार्बता, आपण चढायला चाललो का नवस फेडायला?” मी हसून टाळलं. तुला वाटलं असेल, ही भाबडी झाली. मी भाबडी नव्हते, मी रस्ता शोधत होते. कळसुबाईच्या माथ्यावर देवी आहे, सगळ्यात उंचही तीच, तिच्यावर तुम्हा चौघींचं आधीच एकमत होतं. अडलं ते दुसऱ्या शिखरावर. तू आणि तुझी एक मैत्रीण घनचक्करसाठी, बाकीच्या दोघी तारामतीसाठी. तू लिहिलं होतंस की घनचक्करवर फार कोणी जात नाही, वर काही नाही, नुसतं गवत, वारा आणि चारी बाजूंनी दूरवर डोंगर. त्या दोन ओळी मी किती वेळा वाचल्या असतील. मला तेच हवं होतं. वर काही नाही, हेच हवं होतं. सगळ्यांची नजर माझ्या मताकडे लागली असताना मी तारामती कळवलं.

कारण सांगते. तारामतीच्या वाटेवर महादेवाचं मोठं जुनं देऊळ आहे. गजू मोबाईलवर सगळं काढून पाहतो. चार दिवसांत एकच देवी म्हटली असती तर तो विचारणार, बाकी दिवस कायले? आणि घनचक्कर हे नाव मी घरात घेऊन पाहिलं होतं, सहज म्हणून. सासूबाई खोकला येईपर्यंत हसल्या. “घनचक्कर? जाय, तुह्याच माहेरचं दिसते.” म्हणून मी तुझ्या विरुद्ध मत दिलं. तुला हवा तो डोंगर माझ्या एका मतानं गेला. आणि मग मी आलेच नाही.

आता ज्या गुडघ्याचं कारण सांगून मी आले नाही, त्याचं. माझा गुडघा दुखत नाही. कधीच दुखला नाही. बावीस पायऱ्या चाळीस वेळा चढणाऱ्या बाईचा गुडघा आहे तो. झालं ते असं. निघायच्या आठ दिवस आधी, सकाळी सासूबाईंचं अंग पुसताना, त्या जरा बऱ्या मनात आहेत असं पाहून मी म्हटलं, कळसुबाईला जाऊन यावं म्हणते, सीमा मास्तरीण चालली आहे. त्यांचा चेहरा एकदम खुलला. “कळसूबाई! देवी व्हय ना थे?” मी म्हटलं, हो, सगळ्यात उंच देवी. त्या म्हणाल्या, “जाय ना मंग. देवीले नाही कसं म्हनाव?” सीमा, मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांची पाठ दोनदा पुसली. त्या लगेच कामाला लागल्या. पेटीतला हिरवा खण काढ, नारळ शेंडीचाच घे, तांदूळ निवडलेले घे, हळदी-कुंकवाच्या पुड्या वेगळ्या बांध. मी पेटी उघडून खण काढला. आणि तो त्यांच्या हातात देताना त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली.

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “पन तू कशी भरशीन वो ओटी?”

मी खण धरून तशीच उभी राहिले. विधवेनं देवीची ओटी भरायची नाही हे त्यांच्या मनात इतकं पक्कं की त्यांनी ते वाक्य पुरंही केलं नाही. मी म्हणू शकले असते की ओटी नाही भरत, नुसती हात जोडून येते. ते तोंडातून निघालं नाही. त्यांचं तोवर पुढचं ठरलंही होतं. “आरतीले जाऊ दे. चार वर्सं झाले, घरात लेकरू नाही. सवाष्णीच्या हातानं ओटी, तेबी एवढ्या उंचावर. देवी आयकन.” गजू दुपारी जेवायला आला तेव्हा त्याच्या कानावर गेलं. तो म्हणाला, “बरोबर बोलते आजी. आई, तू आजीजवळ राय. तुले तरी कुठं चढनं व्हते?” आणि भाजी वाढून घेतली. मी देवीला पुढे करून दार उघडलं होतं. आता त्या दारातून देवीच्या नावावर दुसरीच कोणी जाणार होती, आणि मी काही म्हणायला गेले तर ते देवीच्या विरुद्ध झालं असतं. घनचक्कर मागितलं असतं तर फार तर नाही म्हणाले असते. नाही म्हटलेलं परत मागता येतं.

आरतीला कोणी विचारलं नाही. संध्याकाळी ती गच्चीवर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आई, मले नाही जायचं. मले उंचावर चक्कर येते. अन् वर जाऊन काय मागू? डॉक्टरनं यायले तपासायले बलावलं, ते जात नाहीत.” यायले म्हणजे गजूला. हे मला तेव्हाच कळलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते? आम्ही दोघी डाळीजवळ उभ्या होतो आणि समोर सगळ्यांच्या टाक्या आणि वायरी. मी कोठीतून जोडे काढून तिला दिले. तिचा पाय माझ्याहून लहान. मी रद्दीचा कागद चुरगाळून जोड्यांच्या टोकात भरला, दोन्ही पायांत सारखा, आणि तिला चालवून पाहिलं. मग तुला फोन केला, गुडघ्याचं सांगितलं आणि माझ्याऐवजी आरती येते म्हटलं. तू नुसतं “बरं” म्हणालीस.

तुम्ही गेलात ते चार दिवस मी नेहमीसारखीच कामं केली. गच्चीवर एकदाही गेले नाही. सासूबाईंनी विचारलं सुद्धा, “आज डाळ नाही का हालवाची?” दुसऱ्या दिवशी तुझा फोटो आला. शिडीवर आरती, तोंड लाल झालेलं, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आणि हसतेय. ती या घरात आल्यापासून मी तिला दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. मी तो फोटो सासूबाईंना दाखवला. त्या मोबाईल डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, “एवढं वर गेलं पोट्टं.” मला आरतीचं कौतुक वाटलं आणि हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे, तुझ्यापासून काय लपवायचं?

आरती सोमवारी परत आली. नाक उन्हानं सोललेलं. दुपारी गजू दुकानात होता, आम्ही सासूबाईंच्या पलंगाजवळ मेथी निवडायला बसलो आणि ती बोलत सुटली. पहिल्या शिडीवर ती अडली तेव्हा तू तिच्या मागे उभी राहून पाढे म्हणायला लावलेस, ते सांगितलं. तारामतीवर धुक्यात समोरच्याचा हात दिसत नव्हता, आणि तू मध्येच म्हणालीस की घनचक्कर असतं तर आज उघडं असतं, तेही सांगितलं. सासूबाईंनी अधीर होऊन विचारलं, “ओटी भरली ना? मांगलं ना नीट?” आरती मेथीकडे पाहत म्हणाली, “भरली ना, आजी. पन वर एवढं वारं होतं, मांगायचं इसरूनच गेली मी.” मला वाटलं आता भडका उडणार. सासूबाई म्हणाल्या, “इसरली?” मग पुन्हा म्हणाल्या, “लई वारं राहते का तिथं?”

संध्याकाळी आरतीनं जोडे धुऊन, पुसून माझ्यापुढे आणून ठेवले. आतला रद्दीचा कागद काढून टाकला होता. “आई, तुमचे जोडे. मले मोठेच झाले.” आणि आवाज खाली न आणता, सासूबाईंना ऐकू जाईल असं, म्हणाली, “उद्या मी दुकानात जात नाही. आजीचं मी पाहतो. तुमी जाऊन या.” मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, “मले काय मालूम? तुमाले मालूम.” जेवताना मी गजूला सांगितलं की उद्या मी पोपटखेडच्या डोंगरावर जाते. त्यानं घास थांबवून विचारलं, “तिथं कोनता देव आहे?” मी म्हटलं, “देव नाही. म्हैस आहे.” तो काही म्हणायच्या आत पलंगावरून सासूबाईंनी लेकाचं नाव घेतलं, “माह्या देवमनची म्हैस?” मग म्हणाल्या, “तो एवढासा होता, रडे, तं मीच दाखवली व्हती त्याले. थे पाय म्हैस, थे पाय, उठते आता.” जरा वेळानं म्हणाल्या, “दुपारच्या गोळ्या कोनत्या, थे आरतीले सांगून जाय.” गजूनं भाकरी मोडली आणि जेवला.

सीमा, हे सगळं लिहिलं ते तुझी माफी मागायला. माझ्या एका मतानं तुझा डोंगर गेला आणि त्या मतामागे भक्ती नव्हती, भीती होती. तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहात असं आरती म्हणाली. यादी केलीस की मला पाठव. माझं मत आत्ताच लिहून ठेव, घनचक्कर. वर कोणाचं देऊळ आहे ते मी विचारणार नाही, आणि मी गुडघ्याचं काही बोलले तर विश्वास ठेवू नकोस, घरी येऊन मला घेऊन जा. कदाचित तेव्हाही मला जमणार नाही. सासूबाई पलंगावर आहेत, त्या असेपर्यंत मी चार दिवस कुठे जाईन हे मला आज सांगता येत नाही. एक दिवस मात्र जमला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी सहाच्या एसटीनं अकोटला गेले. तिथून ऑटोनं पोपटखेडला. धरणाच्या भिंतीजवळ एका गुराख्याला वाट विचारली आणि म्हशीच्या शेपटीकडून चढले. साडेअकराला वर पोचले.

तुझीच,
पार्बता